चंद्रावर जायचे ते कशासाठी?

२४ सप्टेंबर २०१४ रोजी सकाळी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले आणि पुढचे कित्येक दिवस देशभर एकच आकडा लोकांच्या तोंडी होता : ४५० कोटी रुपये. 'ग्रॅव्हिटी' या हॉलिवूडच्या चित्रपटाला याहून जास्त खर्च आला होता. अहमदाबादेत रिक्षाने किलोमीटरभर जायला दहा रुपये पडतात, मंगळापर्यंतचा ६५ कोटी किलोमीटरचा प्रवास किलोमीटरला सात रुपयांत झाला, असा हिशेब पंतप्रधानांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांडला. नऊ वर्षांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा चित्रपटाच्या जागी 'इंटरस्टेलर' आला, तुलना तीच राहिली.

हा अभिमान निराधार नाही. पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत यान पोहोचवणारा भारत हा पहिला देश ठरला आणि तेही पीएसएलव्हीसारख्या मध्यम ताकदीच्या प्रक्षेपकावर. यानाला थेट मंगळाच्या वाटेवर ढकलण्याएवढा जोर त्या रॉकेटमध्ये नव्हता. म्हणून जवळजवळ महिनाभर पृथ्वीभोवती फिरवत, दर फेरीला थोडा वेग वाढवत, इस्रोने ते बाहेर काढले. गणित आणि संयम यांच्या बळावर मिळवलेले ते यश होते.

पण त्याच आठवड्यात, दोनच दिवस आधी, नासाचे 'मेव्हन' हे यानही मंगळावर पोहोचले होते. मेव्हनवर सुमारे ६५ किलो वजनाची उपकरणे होती. मंगळयानावर पाच उपकरणे मिळून १५ किलोच्या आसपास. मंगळाचे वातावरण सौरवाऱ्यामुळे अवकाशात किती वेगाने निसटते, याचा आकडा मेव्हनने वर्षभरात दिला : सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम. कधीकाळी वाहत्या पाण्याचा असलेला हा ग्रह कोरडा कसा पडला, या मोठ्या प्रश्नाला त्या आकड्याने हात घातला. मंगळयानाने संपूर्ण मंगळाची सुरेख छायाचित्रे दिली, डीमॉस या उपग्रहाची सहसा न दिसणारी बाजू टिपली, वरच्या वातावरणाविषयी शोधनिबंधही दिले. मात्र ज्याची सर्वांत जास्त वाट पाहिली जात होती त्या मिथेनबद्दल खात्रीचे उत्तर त्याच्या संवेदकाकडून मिळाले नाही. मंगळयान ही मुळात तंत्रज्ञान सिद्ध करण्याची मोहीम होती, इस्रोने तसे आधीच सांगितले होते, आणि त्या कसोटीवर ती पूर्ण उतरली. प्रश्न त्यानंतरचा आहे. तंत्रज्ञान सिद्ध झाल्यावर जड, समर्थ उपकरणे घेऊन जाणारी दुसरी मोहीम निघायला हवी होती. मंगळाकडे जाण्याची संधी दर २६ महिन्यांनी येते. २०१६, २०१८, २०२०, २०२२, २०२४ अशा पाच संधी आल्या आणि गेल्या. २०२०च्या संधीत संयुक्त अरब अमिरातीचे 'होप' यान गेले. भारताचे दुसरे यान अजून गेलेले नाही.

किमतीच्या कौतुकाचा तोटा इथे कळतो. मोहीम स्वस्तात झाली हेच तिचे यश मानले की ती काय शोधून आली हे विचारायचे राहून जाते आणि पुढची कधी निघणार याची निकडही कुणाला वाटत नाही. ग्रहांचा शोध घेण्याची महत्त्वाकांक्षा धरणाऱ्या देशाला ही सवय परवडणारी नाही.

भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पाया वेगळ्याच विचारावर घातला गेला होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून पहिले रॉकेट उडाले. ते अमेरिकेने दिलेले नाइके-अपाचे होते, त्यातले सोडियम वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते, आणि बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी सोडून दिलेले सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च हे तिथल्या प्रक्षेपण केंद्राचे पहिले कार्यालय. जागेच्या शोधात विक्रम साराभाईंसोबत कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस होते. चंद्रावर, ग्रहांवर किंवा मानवी उड्डाणात श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आपण पाहत नाही, पण प्रगत तंत्रज्ञान आपल्या माणसांच्या प्रश्नांना लावण्यात कुणाच्या मागे राहणार नाही, अशी साराभाईंची स्वच्छ भूमिका होती.

ती भूमिका शब्दशः पाळली गेली. १९७५-७६ मध्ये 'साइट' या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे दूरदर्शन कार्यक्रम पोहोचले. त्याच्या उभारणीत चिटणीस आणि पुण्याचे प्रमोद काळे यांचा मोठा वाटा होता. १९९९च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ मध्ये जवळपास त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले, तेव्हा उपग्रहांच्या नजरेमुळे आणि प्रशासनाच्या तयारीमुळे दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. अवकाशावर खर्च कशाला, या प्रश्नाला इतके ठोस उत्तर क्वचितच कुणी दिले असेल.

अडचण अशी की हे उत्तर मंगळाला लागू पडत नाही. चक्रीवादळाचा इशारा देणारा उपग्रह आणि चंद्राच्या मातीचे तापमान मोजणारा काटा या एका कार्यक्रमाच्या दोन फांद्या असल्या तरी त्यांची कारणे वेगळी आहेत. साराभाईंनी बाजूला ठेवलेल्या वाटेवर भारत २००८ पासून चालतो आहे, आणि तिचे समर्थन करताना अजून जुनीच उत्तरे उसनी घेतली जातात. तंत्रज्ञानाचे उपफायदे सांगितले जातात. चंद्रावरच्या हेलियम-३चे आमिष दाखवले जाते, जे जाळून वीज देणारी अणुभट्टी जगात आज कुठेही नाही. राष्ट्रीय प्रतिष्ठेचा हवाला दिला जातो. खरे कारण साधे आहे आणि ते उघडपणे सांगण्यात कमीपणा नाही : चंद्र, मंगळ, शुक्र कसे घडले हे माणसाला ठाऊक नाही, आणि ते शोधणाऱ्यांत आपणही असावे. हे कारण एकदा मान्य केले की यशाचे मापही बदलते. मग कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळाले हे आधी विचारावे लागते, किती रुपयांत मिळाले हे नंतर.

या मापाने पाहिले तर इस्रोच्या खात्यावर अभिमानाने सांगावे असे बरेच आहे, आणि नेमके तेच कमी सांगितले जाते. चांद्रयान-१ वर ११ उपकरणे होती, त्यांतली सहा परदेशी. त्यांपैकी नासाच्या 'एम-थ्री' या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या खुणा दाखवल्या. २००९ मध्ये ही बातमी जाहीर झाली तेव्हा अपोलोच्या काळापासून कोरडा मानलेल्या चंद्राकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. पाहुण्यांना जागा देण्याचा मोठेपणा भारताने दाखवला नसता तर हा शोध भारतीय यानावरून लागला नसता.

चांद्रयान-३ची गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम हा लँडर उतरला हे पोराटोरांना पाठ आहे. पण त्यानंतर तिथे काय झाले? विक्रमच्या 'चेस्ट' या उपकरणाने सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचा तापमापी काटा चंद्राच्या मातीत शिरवला. यान ज्या किंचित उतारावर उतरले होते तो सूर्याकडे कललेला होता, आणि तिथे दिवसाचे तापमान ८२ अंश सेल्सियसच्या आसपास भरले. अवघ्या मीटरभर अंतरावरच्या सपाट जागी ते ५९ अंश होते. एका मीटरच्या अंतरात वीसहून जास्त अंशांचा फरक! त्यावरून शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की ध्रुवाच्या दिशेला पुरेसा कललेला उतार असेल तर ध्रुवापासून बऱ्याच दूरच्या अक्षांशांवरही मातीखाली बर्फ टिकू शकेल. उद्या चंद्रावर तळ उभारायचा तर जागा कुठे निवडायची, या प्रश्नाला या मोजमापाने नवे वळण दिले. २६ किलोच्या प्रज्ञान या रोव्हरने शंभरेक मीटर फिरून, २३ ठिकाणी मातीची रासायनिक घडण तपासली. त्यावरचा अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचा निबंध ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. चंद्र जन्मानंतर वितळलेल्या खडकाच्या महासागराने वेढलेला होता, या सिद्धान्ताला त्याने दक्षिणेकडच्या उंच प्रदेशातून पहिला प्रत्यक्ष आधार दिला. शाळांत राष्ट्रीय अवकाश दिन साजरा होतो, तेव्हा फळ्यावर हे दोन शोध लिहिले जायला हवेत.

मग अशा आणखी शोधांच्या आडवे काय येते? पैसा येतोच, पण त्याहून जास्त आड येतो तो मोहिमांमधला खंड. चीनचे चांग-ई-१ ऑक्टोबर २००७ मध्ये निघाले, चांद्रयान-१ बरोबर वर्षभराने. त्या क्षणी दोन्ही देश एकाच पायरीवर होते. त्यानंतर चीनने २०१० मध्ये दुसरे यान पाठवले, २०१३ मध्ये चंद्रावर रोव्हर उतरवले, २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर उतरण्याचा पहिला मान मिळवला, २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम माती आणली आणि २०२४ मध्ये पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम. भारताचे दुसरे चांद्रयान निघायला ११ वर्षे लागली.

या ११ वर्षांची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. चांद्रयान-२चा लँडर रशिया देणार होता, पण नोव्हेंबर २०११ मध्ये रशियाचे फोबोस-ग्रुंट पृथ्वीच्या कक्षेतच अडकले आणि ती भागीदारी विसकटली. जो जड प्रक्षेपक हवा होता तो जीएसएलव्ही २०१० मध्ये एप्रिल आणि डिसेंबर अशा दोन्ही उड्डाणांत कोसळला. त्यामागे आणखी जुनी जखम होती. १९९१ मध्ये रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी क्रायोजेनिक इंजिनाचा करार झाला होता. अमेरिकेने निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान द्यायचे नाकारून केवळ तयार इंजिने दिली. उणे २५३ अंशांवर द्रवरूप राहणारा हायड्रोजन हाताळणारे इंजिन भारताने स्वतः घडवले आणि जानेवारी २०१४ मध्ये ते यशस्वी उडवले. दोन दशके त्यात गेली. म्हणजे प्रत्येक विलंबाला सबळ कारण होते. तरीही चीनच्या पद्धतीतली एक गोष्ट पैशाशी तेवढी निगडित नाही, आणि ती शिकता आली असती. चांग-ई-२ हे १चे राखीव जुळे होते, ४ हे ३चे, ६ हे ५चे. पहिले यान पडले तर दुसरे तयार. पहिले यशस्वी झाले तर दुसऱ्याला आणखी अवघड काम. चांद्रयान-३ हेही एका अर्थी चांद्रयान-२चे जुळे होते, पण ते आधीचे कोसळल्यावर मंजूर झाले.

खंड पडला की कौशल्य विरते. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरमध्ये १९७०च्या दशकापासून रॉकेटच्या मोटर केसिंग घडतात. विक्रोळीत गोदरेजमध्ये विकास आणि क्रायोजेनिक इंजिनांचे भाग जुळतात. असे जोडकाम करणाऱ्या वेल्डरचा हात पुस्तकातून तयार होत नाही, तो कामातून तयार होतो, आणि काम सतत हवे. शास्त्रज्ञांचेही तसेच. आदित्य-एल१ या सौरमोहिमेवरची 'सूट' ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली. ती बनवताना दुर्बिणीचे आरसे, गाळण्या, धूळमुक्त खोल्या यांत हात बसलेली तरुण मंडळी लगेच दुसऱ्या उपकरणाला लागली नाहीत, तर त्यातले पुष्कळ ज्ञान माणसांबरोबर विखुरते.

दुसरी गरज आहे मोकळेपणाची. या बाबतीत इस्रोचा इतिहास संमिश्र आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात पडले तेव्हा इस्रोचे प्रमुख सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले, आणि वर्षभराने यश आल्यावर त्यांनी ती जागा प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना दिली. ही गोष्ट सगळे अभिमानाने सांगतात. पण सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२चा विक्रम कोसळला तेव्हा त्याचे अवशेष जगाला दाखवले ते नासाच्या उपग्रहाने सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या छायाचित्रांनी, आणि ते शोधले चेन्नईच्या एका तरुण अभियंत्याने आपल्या संगणकावर बसून. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चूक साठत गेली, आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांबीरुंदीची असल्याने यानाला सावरायला वाव उरला नाही, हे सविस्तर स्पष्टीकरण इस्रोचे तेव्हाचे प्रमुख एस. सोमनाथ यांनी दिले ते २०२३ मध्ये, पुढची मोहीम निघायच्या तोंडावर. ते स्पष्टीकरण अत्यंत प्रामाणिक होते. काय बरोबर चालेल याऐवजी काय काय बिघडेल याचा विचार करून चांद्रयान-३ बांधले, असे त्यांनी सांगितले. उतरण्याची जागा चार किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केली गेली. चार वर्षे आधी हे लोकांसमोर आले असते तर इस्रोची शान जराही कमी झाली नसती. मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ आणि जानेवारी २०२६ मध्ये पीएसएलव्ही-सी६२, अशी तीस वर्षांच्या भरवशाच्या रॉकेटची दोन लागोपाठची उड्डाणे तिसऱ्याच टप्प्यात फसली. पहिल्या अपयशाचा सविस्तर अहवाल दुसऱ्या उड्डाणाआधी जनतेपुढे आला नव्हता. देशाचा पैसा आणि देशाची माया ज्या संस्थेवर आहे तिने हे बदलायलाच हवे.

१८ सप्टेंबर २०२४च्या मंत्रिमंडळ बैठकीत एका दिवसात मोठे निर्णय झाले. चंद्रावरून माती आणणाऱ्या चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी, शुक्राच्या कक्षेत जाणाऱ्या यानाला १,२३६ कोटी, पृथ्वीनजीकच्या कक्षेत ३० टन नेऊ शकणाऱ्या नव्या प्रक्षेपकाला ८,२४० कोटी, आणि माणसांना अवकाशात नेणाऱ्या गगनयान कार्यक्रमाची व्याप्ती वाढवून त्याचा एकूण खर्च २०,१९३ कोटी. पुढे २०३५ पर्यंत भारताचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस. या यादीतला उत्साह खरा आहे. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोहोचले तेव्हा शाळकरी मुलांच्या डोळ्यांत जी चमक दिसली तिची किंमत कुणी कमी लेखू नये. पण माणसांचे उड्डाण ही वेगळी, फार खर्चिक वाट आहे. २०१८ मध्ये घोषणा झाली तेव्हा गगनयानासाठी २०२२ची मुदत दिली होती; ती टळली, आणि सुरक्षिततेसाठी ती टळणेच योग्य होते. धोका असा की विलंब आणि वाढता खर्च झेपेनासा झाला की आधी कापली जाते ती ज्याच्या बाजूने घोषणा होत नाहीत ती वैज्ञानिक मोहीम. अमेरिकेत हे घडले आहे. चंद्रावर पहिले पाऊल पडल्यावर तिथल्या सरकारचा मुख्य हेतू साधला होता. अपोलोच्या ठरलेल्या मोहिमांपैकी शेवटच्या तीन रद्द झाल्या, आणि चंद्रावर एकच व्यावसायिक भूवैज्ञानिक, हॅरिसन श्मिट, पोहोचला, तोही डिसेंबर १९७२च्या अखेरच्या मोहिमेत. म्हणून शोधमोहिमांचा निधी मानवी उड्डाणाच्या निधीपासून वेगळा राखावा आणि दर तीन-चार वर्षांनी एक ग्रहमोहीम हा नेम कायद्याइतका पक्का मानावा. अवकाश विभागाचा वर्षाचा खर्च १३ हजार कोटींच्या आसपास आहे. भारताच्या आकाराच्या अर्थव्यवस्थेला एवढा नेम जड नाही.

चांद्रयान-४ साठी दोन उड्डाणे, पाच भाग आणि अवकाशात त्यांची जोडणी लागेल. जानेवारी २०२५ मध्ये 'स्पेडेक्स'ने दोन यानांची जोडणी करून त्याची पहिली तयारी दाखवली. माती येईल ती तीन किलोच्या आसपास. ती ठेवायची कुठे आणि तपासायची कुणी, याची तयारी यानाइतकीच आजपासून व्हायला हवी. जपानने पहिले हायाबुसा २०१० मध्ये परतण्याआधी सागामिहारा इथे नमुने जपण्याची प्रयोगशाळा उभी केली होती. भारतालाही हे काम अगदी परके नाही. १९७०च्या सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोने आणलेल्या खडकांत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वैश्विक किरणांनी सोडलेल्या खुणा तपासल्या होत्या. ती परंपरा अहमदाबादेत चालू आहे, पण फार थोड्या हातांत. आणि महाराष्ट्राच्या दारात बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेले लोणारचे विवर आहे, जगात अशी विवरे मोजकीच. चंद्राच्या आणि मंगळाच्या खडकांवर आघातांनी काय होते हे शिकायला पृथ्वीवर याहून चांगली जागा सहज सापडणार नाही. आज पुण्यात, नागपुरात किंवा छत्रपती संभाजीनगरात भूशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेली मुले चांद्रयान-४ची कुपी उघडेल तेव्हा संशोधनाच्या वयाची झालेली असतील. त्यांच्यासाठी विद्यापीठांत ग्रहविज्ञानाचे विभाग, खनिजांच्या कणाकणाचे वय सांगणारी यंत्रे आणि लोणारला नेणाऱ्या क्षेत्रभेटी यांची तरतूद मोहिमेच्या अंदाजपत्रकातच व्हावी, आणि त्या मातीचा ठरावीक वाटा विद्यापीठांना मिळेल हे आत्ताच लेखी ठरावे.